गुहागरच्या औषधविक्रेत्या काकांचे आभार

वडिलांच्या बायपोलर आजारातील अति उत्साहाच्या आणि खोल उदासीच्या काळांतच आम्हा भावंडांचे बालपण गेले. पुढे लिथियम या औषधामुळे त्यांची प्रकृती बरीच स्थिरावली. मी दहावीत असताना, मे महिन्याच्या उकाड्यात त्यांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या, हात थरथरू लागले, बोलणे जड झाले, आणि शेजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे ‘पुन्हा डोकं फिरलं’ असे ठरवून टाकले. जुलाबाची गोळी आणायला मी गुहागरच्या बाजारपेठेत गेलो, तेव्हा दुकानातील काकांनी वडिलांना आणखी कोणती औषधे चालू आहेत ते विचारले आणि लिथियमचे नाव ऐकताच, शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की या औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढू शकते, हे शांतपणे समजावले. त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून लिथियमची पुढची गोळी थांबवायला लावली आणि शटर ओढून आम्हाला आपल्या गाडीतून चिपळूणच्या रुग्णालयात नेले. वाटेत ‘भाऊ, आता कसं वाटतंय?’ असे ते वडिलांनाच विचारत होते. एरवी लोक त्यांच्यादेखत आईला विचारत. पेट्रोलचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत.

काका, आपल्याला आवडणार नाही म्हणून नाव लिहीत नाही. बाबांची रक्ततपासणी आता नियमित होते. आम्हा सर्वांकडून आपले मनःपूर्वक आभार.