गर्दी हटेपर्यंत गाडी सुटू नये

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात एका डर्ट ट्रॅक शर्यतीचा फोटो होता. मातीच्या उंचवट्यावरून दुचाकी हवेत उडालेली, आणि ती जिथे उतरणार तिथे दोन्ही बाजूंना माणसं खेटून उभी. पुढच्या रांगेत लहान मुलं. मधे दोरीसुद्धा दिसत नव्हती. माझं नाशिकला गॅरेज आहे आणि अनेक वर्षं मी मोटर रॅलीत मार्शल म्हणून, म्हणजे ट्रॅकलगत झेंडा-शिट्टी घेऊन गर्दी सांभाळायला, उभा राहत आलो आहे. तो फोटो पाहिल्यापासून मला चैन नाही, म्हणून हे पत्र.

हवेत असलेल्या दुचाकीला ना ब्रेक लागतो, ना ती वळवता येते. खाली टेकताना पुढचं चाक जराही तिरकं पडलं, तर ती कुठे जाईल ते चालवणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून उडी संपते ती जागा आणि वळणाची बाहेरची बाजू, या दोन ठिकाणी माणूस असताच कामा नये. नेमकी तिथेच गर्दी होते, कारण मोबाइलमध्ये व्हिडिओ तिथूनच चांगला येतो. शंभरच्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर कापते. 'आली की बाजूला होऊ' म्हणणाऱ्याचा पाय उचलेपर्यंत गाडी त्याच्यापाशी पोहोचलेली असते. आपल्याकडे मुरमाचा धुरळा असा उठतो, की मागून येणारी दुसरी गाडी तर दिसतच नाही.

अपघात झाला की 'लोक ऐकत नाहीत' हे वाक्य हमखास कानावर येतं. मला ते मान्य नाही. लोक ऐकत नसतील तर गाडी सोडायची नाही, एवढा अधिकार आयोजकांच्या हातात असतोच. तो वापरायचं धाडस होत नाही, कारण पाहुणे आलेले असतात, बक्षिसं जाहीर झालेली असतात, उशीर झालेला असतो.

मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत, सिंट्राजवळच्या डोंगररस्त्यावर माणसं गाडी येईपर्यंत रस्त्यातच उभी राहत आणि ऐनवेळी बाजूला होत. धावत्या गाडीला हात लावणं हा तिथे पराक्रम समजला जाई. एक फोर्ड गर्दीत घुसली. तीन प्रेक्षक गेले, तिसाहून अधिक जखमी झाले. त्या दिवशी मोटर कंपन्यांच्या संघांतले नामवंत चालक एकत्र बसले आणि पुढे गाडी चालवणार नाही म्हणाले. जगातले सर्वांत वेगवान लोक प्रेक्षकांसाठी थांबले, याचं मला आजही मोल वाटतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १४ ऑगस्ट २०१० च्या संध्याकाळी 'कॅलिफोर्निया २००' शर्यतीत एक ट्रक उडी घेऊन उतरताना उलटला आणि आठ प्रेक्षक ठार झाले. माणसं ट्रॅकपासून काही फुटांवर होती, मधे कठडा नव्हता. जमीन सरकारी, शर्यत परवानगीची. परवानगी देताना आपलीच पद्धत आपण पाळली नाही, हे ती जमीन सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने नंतर स्वतःच्या चौकशीत कबूल केलं.

आणि आपल्या शेजारी श्रीलंकेत, दियतलावाला २१ एप्रिल २०२४ रोजी फॉक्स हिल सुपरक्रॉस या मातीच्या ट्रॅकवरच्या गाड्यांच्या शर्यतीत सात जण गेले. त्यांत आठ वर्षांची मुलगी होती आणि ट्रॅकवर काम करणारे चार मदतनीस होते. आयोजनात खुद्द लष्कर होतं. आधी एक गाडी उलटली होती, मागच्यांना वेग कमी करण्याची पिवळी खूण दिली जात होती, तरी एक गाडी वेगातच आली आणि ट्रॅक सोडून गर्दीत शिरली. त्या चौघांच्या जागी मी स्वतःला पाहू शकतो. माणसं ट्रॅकला इतकी खेटून असतील, तर पिवळी खूण पुरत नाही. लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवावी लागते.

आपल्या देशातही सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय रॅलीच्या वेळी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटरसायकल आली, तिला रॅलीच्या गाडीची धडक बसली आणि नवरा, बायको, मुलगा असे तिघे एका क्षणात गेले. ते शर्यत बघायलाही आले नव्हते. रस्ता 'बंद' असं कागदावर लिहिणं सोपं आहे. पण त्याच रस्त्याने गावाचं दूध जातं, कुणाची विहीर पलीकडे असते, कुणाचं शेत. मी उभा होतो त्या एका वळणावर एक म्हातारेबाबा नातवाला खांद्यावर घेऊन बाहेरच्या अंगाला थांबले होते. मागे सरका म्हटलं, तर म्हणाले, "साहेब, वावर माझंय, मी कुठं सरकू?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्यांच्या बांधावर आम्ही परके होतो, आणि आदल्या दिवसापर्यंत त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. शेवटी गावातला एक पोरगा आला, "आबा, वर टेकाडावर चला, तिथनं सगळं दिसतं," म्हणाला आणि दोघांना घेऊन गेला. माझ्या शिट्टीने जे झालं नाही, ते त्याच्या एका वाक्याने झालं.

म्हणून माझा आग्रह आहे की मार्शलांत निम्मी पोरं त्याच गावची असावीत, आणि आठवडाभर आधी ग्रामपंचायतीमार्फत दवंडी फिरावी, वस्त्यांवरसुद्धा. प्रेक्षकांच्या जागा ट्रॅकपेक्षा उंचावर, आधीच आखलेल्या हव्यात, आणि त्या चांगल्या हव्यात. जिथून नीट दिसतं आणि थोडी सावली आहे, तिथे लोक आपणहून बसतात. लाल-पांढरी प्लॅस्टिकची फीत गाडी अडवत नाही. ती फक्त हद्द दाखवते, आणि तिच्यामागे मोकळी जागा नसेल तर तिचा काही उपयोग नाही.

मोठ्या रॅलीत स्पर्धकांच्या आधी झिरो कार सोडतात. तिच्यातला अधिकारी गर्दी पाहतो आणि नको त्या जागी माणसं दिसली तर तो टप्पा रद्दही होतो. पुण्यात बालेवाडीला जानेवारी २०२४ मध्ये दुचाकींची सुपरक्रॉस लीग झाली, तेव्हा प्रेक्षक क्रीडासंकुलाच्या गॅलरीत होते. माझी काळजी तालुक्याच्या माळरानावर, जेसीबीने दोन दिवसांत ट्रॅक काढून होणाऱ्या शर्यतींची आहे. तिथे झिरो कारही नसते आणि थांबा म्हणणारा माणूसही नसतो. बैलगाडा शर्यतीला आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धावपट्टीच्या लांबीलाही मर्यादा आहे. जीप आणि दुचाकीच्या शर्यतींनाही तितकीच काटेकोर अट घालावी: प्रेक्षकांच्या जागांचा नकाशा अर्जासोबत हवा, आणि शर्यतीच्या सकाळी कुणीतरी जबाबदार अधिकाऱ्याने ट्रॅक पायी फिरून तो ताडून पाहावा. रुग्णवाहिका एकच असेल आणि ती जखमीला घेऊन गेली, तर ती परत येईपर्यंत पुढची फेरी सोडू नये.

या शर्यती बंद व्हाव्यात असं मला अजिबात वाटत नाही. आमच्या गॅरेजात गाड्या बांधून पोरं या खेळात उतरली आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. जिल्ह्यातल्या ज्या मंडळाला आपल्या मुलांना मार्शलचं काम शिकवून हवं असेल, त्यांनी जरूर बोलवावं. झेंडे, शिट्ट्या आणि दोन वायरलेस संच घेऊन मी आणि माझे जुने सहकारी येऊ, मानधन नको. मात्र शर्यतीच्या आधीच्या रविवारी बोलवा, म्हणजे माणसं कुठे बसवायची ते ट्रॅक खणण्याआधीच ठरवता येईल.

आपला,
एक रॅली मार्शल, सातपूर, नाशिक