रात्री पोलीस ठाण्यात सोबतीला येणारी माणसं हवीत

ठाणेकरांनो, सप्रेम नमस्कार.

मानसिक आजाराने किंवा नशेने भान हरपलेला माणूस तुरुंगाऐवजी दवाखान्यात पोचावा, यासाठी आमच्या मंडळाला सोबती हवे आहेत. रात्री अकरानंतर फोन आला तरी चपला घालून निघणारे, पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाला पाणी विचारणारे आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टर त्याला तपासेपर्यंत त्याच्याजवळ थांबणारे. पैसे, गाडी, कपडे यांचीही गरज आहे. ते खाली लिहिलं आहे. पण पहिलं मागणं माणसांचंच.

स्टेशनबाहेर, जांभळी नाक्याच्या गाळ्यांसमोर किंवा कोपरीच्या बाजूला कधीतरी एखादा माणूस भान हरपून ओरडत असतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर धावून जातो. कुणाच्या दुकानाची काच फुटते. लोक 112 ला फोन लावतात, पोलीस येतात. तिथून एक वाट दवाखान्याकडे जाते आणि दुसरी गुन्हा, लॉकअप, कोर्ट करत कारागृहाकडे. आपल्या शहरात या दोन्ही वाटा जिथे पोचतात ती ठिकाणं एकमेकांपासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर आहेत. जुन्या किल्ल्यातलं मध्यवर्ती कारागृह आणि 1901 पासून चालू असलेलं प्रादेशिक मनोरुग्णालय. राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यातलं एक आपल्या दारात असताना आजारी माणूस किल्ल्यातल्या बराकीत पोचतो, हे आम्हाला सहन होत नाही.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा आहे आणि 29 मे 2018 पासून तो लागू आहे. त्याचं कलम 100 सांगतं की मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस रस्त्यावर भटकताना दिसला, किंवा आजारापायी त्याच्यापासून त्याला स्वतःला वा इतरांना धोका वाटला, तर पोलिसांनी त्याला संरक्षणाखाली घ्यायचं आणि लवकरात लवकर, फार तर 24 तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी न्यायचं. असं संरक्षणाखाली घेतलेल्या माणसाला कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेणं हेही पोलीस ठाण्याचं काम. दारू आणि नशेतून उद्भवणारे मानसिक विकारही याच कायद्यात येतात. हे पुष्कळांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

मग अडतं कुठे? अडतं रात्री, आणि अडतं मनुष्यबळावर. ठाणे अंमलदाराच्या समोर अपघात, मारामारी, हरवलेली मुलं असं सगळं एकाच वेळी आलेलं असतं. त्यात दोन शिपाई एका आजारी माणसाबरोबर पाठवले की ठाणं रिकामं पडतं. दवाखान्यात गेलं की केसपेपर काढा, नातेवाईक कोण ते सांगा, डॉक्टर येईपर्यंत बसा. गाडी तेवढ्यात दुसरीकडे हवी असते. अशा वेळी गुन्हा नोंदवून सकाळी कोर्टात हजर करणं सोपं पडतं, कारण ती वाट सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. आम्ही कुणाकडे बोट दाखवत नाही. रात्रीच्या त्या काही तासांत हात कमी पडतात, आणि ते हात आपण देऊ शकतो.

सोबती नेमकं काय करतो, ते एका प्रसंगावरून कळेल. अनवाणी, अंगावर नुसती हाफ पँट आणि छातीशी घट्ट धरलेली प्लास्टिकची पिशवी, असा एक तरुण पोलिसांच्या गाडीत चढायलाच तयार नव्हता. गाडीची जाळी दिसली की तो मागे सरायचा, ओढलं की चावायला यायचा. आमच्या सोबत्यांपैकी एक निवृत्त परिचारिका तिथे फुटपाथवर बसल्या. त्याच्याकडे न बघता त्यांनी चहात बिस्किट बुडवून खाल्लं आणि पुडा मध्ये ठेवला. बऱ्याच वेळाने त्याने एक उचललं. मग त्यांनी विचारलं, "बाळा, रिक्षाने जायचं का?" तो रिक्षात बसला, पोलीस मागून मोटारसायकलवर आले. पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स निघाली, तिच्यावरून गाव कळलं आणि घरच्यांपर्यंत निरोप गेला. हाताला धरून ओढलं असतं तर त्याच रात्री सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा त्याच्या नावावर लागला असता.

दुसरी मंडळी आहेत ती घरातली. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण यात जीव जातो. मुलगा किंवा नवरा पिऊन घरात मोडतोड करतो, सिलिंडर विकतो, हात उगारतो. कंटाळून आई नाहीतर बायको स्वतःच पोलिसांत जाते आणि हात जोडून म्हणते, "साहेब, दोन दिवस आत टाका, म्हणजे अक्कल येईल." तिचा त्रास खरा आहे. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, ते बडबडू लागतात, ताप चढतो, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणजे जे "दोन दिवस आत" आपण मागतो, तेच सर्वांत धोक्याचे. त्या दिवसांत त्याला डॉक्टर, औषधं आणि सलाईन लागतं. अशा आईबरोबर ठाण्यात जाऊन हे समजावणारं आणि तिथूनच दवाखान्याची सोय लावणारं कुणीतरी हवं. मारहाण होत असेल तर तिला तक्रार करायचा पूर्ण हक्क आहे, आणि ती नोंदवायलाही सोबती मदत करील. तक्रार आणि उपचार दोन्ही बरोबर चालू शकतात.

एमडी (मेफेड्रोन), गांजा, ब्राऊन शुगर अशा अमली पदार्थांच्या बाबतीतही कायद्याने दार उघडं ठेवलंय. 1985 च्या एनडीपीएस कायद्याचं, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याचं, कलम 64ए सांगतं की नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात माल जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला पुढे आला, तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेतली जाऊ शकते. दोषी ठरल्यावरही कलम 39 खाली कोर्ट त्याला बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकतं. विकणाऱ्यांसाठी ही तरतूद नाही आणि आमचं कामही त्यांच्यासाठी नाही. गंभीर गुन्ह्यांत तर आम्ही पडतच नाही.

एकदा माणूस आत गेला की बाहेर काढणं किती जड जातं, ते वकील मंडळींना विचारा. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. ज्याला स्वतःचं नाव धड सांगता येत नाही, त्याला जामीनदार कोण मिळणार? मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा 1993 साली न्यायालयाने स्पष्ट केलं की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. त्या निकालाला आता तीस वर्षं उलटून गेली.

बाहेरही असे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेत मेम्फिस शहराने 1988 पासून काही पोलिसांना अशा प्रसंगांसाठी 40 तासांचं खास प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली आणि ती पद्धत पुढे इतर अनेक शहरांनी उचलली. आपल्याकडे तेवढी यंत्रणा उभी राहायला वेळ लागेल. तोवर शेजारपाजारचे लोक तरी उभे राहू या.

आता मागणं. महिन्यातून एक रात्र देऊ शकेल अशी कोणीही व्यक्ती सोबती होऊ शकते. स्त्रियांची फार गरज आहे, कारण बाईमाणूस अशा अवस्थेत सापडली की तिच्याजवळ बाईच हवी. निवृत्त पोलीस, परिचारिका आणि वॉर्डबॉय आले तर सोन्याहून पिवळं. कन्नड, तेलुगू, बंगाली, भोजपुरी बोलणारे आवर्जून या, बिथरलेला माणूस आपली भाषा कानावर पडली की शांत होताना आम्ही पाहिला आहे. वकिलांनी आठवड्यातला एक तास द्यावा. कोठडीत असलेल्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, पण तो अर्ज कुणीतरी करावा लागतो. रिक्षा आणि टॅक्सीवाल्या बांधवांनी रात्रीच्या फेरीसाठी नाव नोंदवावं, भाडं आम्ही देऊ.

देणगीचा पैसा रिक्षाभाडं, औषधं, चहा-जेवण, घरच्यांना गावाहून आणण्याचं तिकीट, एवढ्यावरच जातो. थोडी रक्कम आम्ही वेगळी ठेवतो, ज्याच्या गाळ्याची काच फुटली किंवा हातगाडी उलटली त्याच्या भरपाईसाठी. गरीब फेरीवाल्याने दुसऱ्याच्या आजारापायी नुकसान का सोसावं? आणि त्याला त्याचे पैसे मिळाले की तोही बहुतेक वेळा म्हणतो, "त्याला दवाखान्यात न्या." शंभर रुपयेही चालतील. धुतलेल्या लुंग्या, नाडीचे लेंगे, मोठ्या मापाचे सदरे, गाऊन, चपला आणि चादरी हव्यात. फाटकं देऊ नका.

सोबत्यांना आधी दोन दिवस शिकवतो: बोलायचं कसं, किती अंतर ठेवायचं, कधी मागे सरायचं. पहिल्या काही रात्री जुना सोबती बरोबर असतो. एकट्याला कधीच पाठवत नाही, आणि रुग्णाचा फोटो काढणं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं आमच्याकडे चालत नाही.

तुमच्या घरात आत्ताच अशी वेळ आली असेल तर आमची वाट पाहू नका. मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा 14416 आणि व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइनचा 14446 हे दोन्ही सरकारी क्रमांक फुकट आहेत. जिवाला धोका असेल तर 112.

नाव नोंदवायला मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत या, येताना ओळखपत्र आणा. कपडे आणि चादरीही तिथेच घेतल्या जातील. देणगी रोख दिलीत तर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, ठाणे