हेकेलफोन वाजता व्हावा, पण नळीला धक्का न लावता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुनी, दुर्मीळ वाद्ये दुरुस्त करून वाजती करावीत की संग्रहालयात जशीच्या तशी जपावीत, याविषयी वाचकांची मते आपल्या पत्रस्तंभात वाचली. या चर्चेत हेकेलफोन या जर्मन वाद्याचा विचार अवश्य व्हावा, कारण त्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे.

हेकेलफोन हे ओबो या पाश्चात्त्य वाद्याच्या कुळातले, पण ओबोपेक्षा एक सप्तक खाली बोलणारे सुषिरवाद्य आहे. सनईप्रमाणे त्याला दुहेरी पत्ती असते आणि नळी खाली रुंद होत जाते. मात्र त्याची लांबी सुमारे चार फूट असते आणि तळाच्या फुगीर, गोल तोंडाखालचा धातूचा खुंट जमिनीवर टेकवून ते वाजवावे लागते. जर्मनीतल्या बीब्रिख येथील वाद्यनिर्माते विल्हेल्म हेकेल यांनी आपल्या मुलांसह ते १९०४ मध्ये तयार केले. जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउस यांनी १९०५ च्या ‘सालोमे’ या ऑपेरात, पुढे १९०९ च्या ‘एलेक्ट्रा’मध्ये आणि १९१५ मध्ये प्रथम सादर झालेल्या आल्प्सविषयक सिंफनीत त्याला स्थान दिले, तर संगीतकार हिंडेमिट यांनी १९२८ मध्ये व्हायोला आणि पियानोच्या जोडीने त्याच्यासाठी त्रयी लिहिली. एवढे असूनही आजवर जेमतेम दीडशेच्या आसपासच हेकेलफोन घडवले गेले. त्यामुळे अनेकदा त्याच्या जागी बास ओबो वाजवला जातो. बास ओबोची नळी अरुंद असल्याने खालच्या स्वरांतला तो भरदार, किंचित खरखरीत गाभा त्यात उतरत नाही. श्ट्राउस यांनी जो आवाज मनात धरून लिहिले, तो ऐकायचा तर जुने वाद्य वाजते करण्याला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न आहे तो वाजते कसे करायचे याचा. चाव्यांखालच्या कुजलेल्या गाद्या, गंजलेल्या स्प्रिंगा आणि सांध्यांवरचे झिजलेले बूच बदलण्याला कोणाची हरकत असू नये. हे भाग मुळातच झिजण्यासाठी असतात, आणि काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवले की पुढच्या अभ्यासकाचेही नुकसान होत नाही. खरा धोका नळीला आहे. त्या काळी जर्मनीत वाद्ये जुळवण्याचा ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांचा धरण्याची पद्धत होती, कारण १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेने तोच ठरवला होता. आजचे वाद्यवृंद ४४० किंवा त्याहूनही थोडे वर लावतात. हा फरक अर्ध्या स्वराच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकाच असला, तरी वाद्यवृंदात तो कानाला खुपतो, आणि मग नळी कापून आखूड करण्याचा किंवा छिद्रे मोठी करण्याचा मोह होतो. जुन्या ओबो आणि बसून (बासून) या वाद्यांच्या बाबतीत असे घडलेले आहे. एकदा कापलेले लाकूड परत जोडता येत नाही. शिवाय वरच्या टोकाला नळी आखूड केली, तर वरचे स्वर खालच्या स्वरांपेक्षा जास्त चढतात आणि सबंध वाद्याचा मेळच बिघडतो. त्यापेक्षा पत्ती बसवण्याची धातूची वाकडी नळी वेगळी, थोडी आखूड बनवून घ्यावी, उरलेला फरक वादकाने पत्तीच्या आकाराने आणि ओठांच्या दाबाने सांभाळावा. ती नळी कधीही काढून मूळची लावता येते, ही तिची मोठी सोय आहे.

दुसरी काळजी श्वासातल्या ओलाव्याची. कित्येक वर्षे कोरडे पडलेले लाकूड वादकाच्या उष्ण, दमट श्वासाने आतून फुगते, बाहेरून मात्र कोरडेच राहते, आणि त्या ताणाने त्याला तडा जातो. म्हणून दुरुस्तीनंतर पहिले काही आठवडे रोज थोडाच वेळ वाजवणे, प्रत्येक वेळी नळी आतून पुसणे आणि हळूहळू वेळ वाढवणे आवश्यक असते. मैफलीची तारीख आधी ठरवून दुरुस्तीची घाई करणाऱ्या आयोजकांनी हे ध्यानात घ्यावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आपल्या दैनिकात पुढे एखाद्या दुर्मीळ वाद्याच्या जीर्णोद्धाराची बातमी छापताना ते कोणी वाजवले याबरोबरच त्यातले कोणते भाग बदलले, नळीला हात लावला की नाही आणि काढलेले मूळ भाग कोठे ठेवले, हेही विचारून द्यावे.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक, पुणे