त्या टेपमधल्या शब्दांबद्दल

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग काल रात्री हेडफोन लावून ऐकलं, सात-आठ वेळा तरी. तालमीच्या खोलीतला पंखासुद्धा त्यात नीट ऐकू येतो, ड्रम तर फोनच्या तोंडाशीच आहेत, आणि तुमच्या बँडमधल्या, आता नसलेल्या मित्राचा आवाज मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखा. "बाबा, शब्द कळतील एवढा तरी वर काढता येईल का?" असं विचारून तू गप्प झालीस. मग हळूच म्हणालीस, कळले तरी ते गाणार कोण. पहिला प्रश्न माझ्या कामातला आहे, त्याचं शेवटी सांगतो. दुसऱ्यावरून मला जॉय डिव्हिजनची आठवण झाली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही.

मँचेस्टरकडचा हा चौघांचा बँड. इयन कर्टिस गायचा आणि शब्द लिहायचा, गिटारवर बर्नार्ड समनर, बेसवर पीटर हुक, ड्रमवर स्टीफन मॉरिस. मी त्यांच्याकडे वळलो तो त्यांच्या रेकॉर्डचा निर्माता मार्टिन हॅनेट याच्या ध्वनीमुळे. ड्रमचा एकेक ठोका त्याने असा ठेवला आहे की रिकाम्या गोदामात आपण एकटेच उभे आहोत असं वाटतं. आणि त्या रिकाम्या जागेत कर्टिसचा खर्जातला आवाज.

कर्टिसला अपस्माराचा त्रास होता, स्टेजवरही झटके यायचे. मनानेही तो फार खचला होता. 18 मे 1980 रोजी त्याने आयुष्य संपवलं. वय 23. घरात एक वर्षाची मुलगी. दुसऱ्या दिवशी चौघांना अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायचं होतं. बरोबरच्या तिघांचंही वय साधारण तेवढंच, म्हणजे तुमच्याएवढंच, हे मी दर वेळी विसरतो आणि दर वेळी नव्याने आठवतं.

त्याच्या शेवटच्या दिवसांतली दोन गाणी मागे राहिली होती. त्यांतलं एक 'सेरेमनी'. 2 मे 1980 ला बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्यात ते वाजलं होतं. आणि त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधीची एक टेप होती. पण गाताना शब्द वाद्यांखाली दबलेले. मग या पोरांनी ती टेप ग्राफिक इक्वलायझरमधून, म्हणजे आवाजातले जाड-बारीक थर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रातून काढली आणि कान देऊन जमतील तितके शब्द उतरवले. सोनू, तीस वर्षं नाटकांचा साउंड करतोय, पण इक्वलायझरच्या पट्ट्या सरकवताना समोर अशी टेप असणं काय असेल, हे काल पहिल्यांदा समजलं.

चौघांपैकी एक जरी गेला तरी ते नाव वापरायचं नाही, असं त्यांचं आधीच ठरलेलं होतं. ते त्यांनी पाळलं. जुलैअखेरीस मँचेस्टरमध्ये तिघेच स्टेजवर उभे राहिले. गायचं कुणी हे ठरलेलंच नव्हतं, तिघांनीही गाऊन पाहिलं. नवं नाव घेतलं न्यू ऑर्डर. सप्टेंबरमध्ये अमेरिकेला गेले तर न्यूयॉर्कमध्ये त्यांचं सगळं सामान चोरीला गेलं. त्याच महिन्यात न्यू जर्सीतल्या एका स्टुडिओत, हॅनेटच्याच हाताखाली, 'सेरेमनी' रेकॉर्ड झालं. गायला समनर.

ते ऐकशील तेव्हा सुरुवातीची हुकच्या बेसची सुरावट ऐक. बेस इतका वरच्या पट्टीत की गिटारच वाटावी. त्यावर समनरचा आवाज येतो तो पातळ, जपून टाकलेला, अजून न बसलेला. गाता गाता गिटार वाजवणं त्याला जड जायचं, म्हणून आवाज थांबला की गिटार उसळते. 1981 च्या सुरुवातीला ही त्यांची पहिली सिंगल, म्हणजे एका मुख्य गाण्याची तबकडी आली, मागच्या बाजूला कर्टिसच्याच शब्दांचं दुसरं गाणं. ब्रिटनच्या खपाच्या यादीत 34 व्या क्रमांकापर्यंत गेली. तोवर मॉरिसची मैत्रीण जिलियन गिल्बर्ट बँडमध्ये आली होती आणि त्याच वर्षी गाणं पुन्हा रेकॉर्ड करून काढलं. दुसरं जास्त नीट बसलेलं आहे असं म्हणतात. मला पहिलंच आवडतं. त्यात तिघेच आहेत आणि चौथ्याची जागा ऐकू येते.

तुझी भीती मला कळते. त्याचे शब्द तुझ्या तोंडून आले तर त्याची जागा बळकावल्यासारखं होईल, असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही, बाळा. ते शब्द त्या फोनमध्ये पडून राहिले तर मला जास्त वाईट वाटेल. पण घाई नको. आणि रात्री झोप लागत नसेल तर कुठल्याही वेळी फोन कर, आई आणि मी दोघेही उचलू.

आता तुझ्या फाइलचं. व्हॉट्सॲपवरून आली ती दबलेली आहे, फोनमधली मूळ फाइल ईमेलने पाठव. मी 150 हर्ट्झच्या खालचं कापलं, त्याने ड्रमचा दणका गेला. 2 ते 4 हजारांच्या मधलं थोडं उचललं, कारण व्यंजनं तिथे कळतात. सिंबलची, म्हणजे ड्रमवरच्या झांजेची कचकचही सोबत वर आली, तिला इलाज नाही. पहिलं कडवं जवळजवळ पूर्ण लागलंय, कागद सोबत ठेवलाय. दुसऱ्यातल्या तिसऱ्या ओळीत 'तार' आहे की 'पार', हे मात्र मला ठरवता येत नाही. मी त्याला दोनदाच भेटलो होतो. त्याची बोलण्याची लकब तुम्हाला माहीत, तुम्ही तिघं एकत्र बसून ऐका आणि मला कळवा.

तुझे
बाबा