तांबूचा खांब

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. मागचं पत्र कधी लिहिलं ते आठवायला बसलो तर लाज वाटेल, म्हणून बसत नाही. वहिनींच्या ऑपरेशनच्या वेळी मी साधा फोन केला नाही, हे तू बोलून दाखवणार नाहीस आणि विसरणारही नाहीस. माझी शुगर आटोक्यात आहे. असो.

दादा गोठा बदलतोय. पाडत नाही म्हणे, 'बदलतोय'. दोन खोल्या, संडास-बाथरूम आतच, मे महिन्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे. नकाशा मी काढायचा, कारण घरात आर्किटेक्ट असताना बाहेर पैसे कशाला घालवायचे! काढलाही एका संध्याकाळी. गव्हाण उडवली, माळा उडवला, सगळीकडे टाइल्स.

आणि शनिवारी इथे इंग्लंडात वॉडेस्डनला गेलो. बॅरन फर्डिनांड रॉथशिल्डने १८७७ ते १८८३ या काळात टेकडीवर बांधलेला फ्रेंच थाटाचा महाल. आर्किटेक्टही फ्रेंचच, देस्ताय्यर. सामान वर चढवायला नॉर्मंडीहून पर्शेरॉन घोड्या आणल्या होत्या. लोक महाल बघतात. मी तबेल्यात जाऊन बसलो. तिथे आता कॅफे आहे आणि बग्ग्या ठेवायच्या तिथे चित्रांची गॅलरी. चहा नेहमीसारखा पाणचट.

व्हिक्टोरियाच्या काळातल्या तबेल्यांत डोकं कसं चालवलंय बघ. खिडक्या उंचावर, घोड्याच्या डोळ्यांत ऊन नको. खांबांच्या कडा गोल, कुशीला लागू नये. जमिनीच्या विटांना खाचा, खूर घसरू नये आणि मूत नालीकडे वाहून जावं. खोगीर-लगामाच्या खोलीत शेगडी, चामडं दमट होऊ नये. मोतद्दार मात्र माळ्यावर! चारा घोड्यांच्या डोक्यावर साठवू नये, खालची वाफ चढून तो बाद होतो, असं तेव्हाचे जाणकार सांगायचे. आपल्या पेंढ्याला काय अत्तराचा वास यायचा? आणि आपण मेभर त्यातच लोळायचो. (तू पडलास, मी ढकललं नाही. अजूनही नाही.)

मग मोटारी आल्या. बग्गीची दारं रुंदच होती, गाड्या सरळ आत. अशा कितीतरी तबेल्यांचे आता फ्लॅट झालेत; तसल्या दोन कामांवर मी राबलोय. इमारत संरक्षित यादीत असेल तर आतला बिडाचा खांब परवानगीशिवाय हलवता येत नाही. एकदा चार इंचांसाठी आमचं काम तीन महिने अडलं, आणि परवानगी देणाऱ्या त्या बाईंना मी मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या होत्या!

आपल्या गोठ्याला कोण अडवणार? उजवीकडचा दुसरा खांब, तांबूच्या दाव्याने घासून अंगठा बसेल एवढी खाच पडलेली, तो माझ्या नकाशात बाथरूमच्या दारात येतो. मी त्यावर फुली मारली होती. फोनवर दादाला म्हटलं, खांब ठेवूया. तो म्हणाला, "ठेवून काय पूजा करायचीय?" उत्तर नव्हतं रे. तीस वर्षं शेण त्याने काढलं. मी एक पावसाळाही काढलं नाही, आणि इंग्रजांच्या तबेल्यात केक खात गळा काढतोय.

कॉलेजात मोजणीच्या शीटवर तू ती खाच खऱ्या मापात काढली होतीस. सरांनी लाल रेघ मारली, सगळे हसले, मीही. घरी येईपर्यंत तू बोलला नव्हतास. त्याबद्दल आता माफ कर, नाहीतर तुझ्याकडे राहिलेल्या माझ्या चाळीस रुपयांतून वळतं करून घे.

सोनूला दहावीबद्दल शाबासकी, काकूंना नमस्कार, वहिनी आता जिने चढतात का ते कळव.

ती शीट असली तर फोटो पाठव. नसली तर टेप घेऊन जा आणि खांबापासून मागच्या जांभ्याच्या भिंतीपर्यंत अंतर मोज. नऊ इंच सापडले तर दार सरकवतो, खांब खोलीच्या कोपऱ्यात जातो. मिस्त्री मंगळवारी येणार आहे. मी पाठवलं म्हणू नकोस. फणस न्यायला आलो म्हण, दादाला खरं वाटेल.

तुझा,
नंद्या