ओल रंगाखाली झाकून घर विक्रीला काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय

विषय : ‘विक्रीपूर्व तयारी’ पॅकेजमधील निकृष्ट काम, खोटी जाहिरात व त्यामुळे मोडलेला व्यवहार, शुल्काचा परतावा आणि लेखी खुलासा मिळण्याबाबत.

महोदय,

आज सकाळी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे सातवे बोलणे झाले. फोनवर यापुढे काहीही साध्य होणार नाही अशी खात्री पटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. आपले पॅकेज काय आहे हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. रंगकाम, सफाई, छायाचित्रे, ॲपवरची जाहिरात, कागदपत्रांची पडताळणी आणि गिऱ्हाइकांच्या भेटी हे सगळे त्यात येते, आणि त्यासाठी मी १८ एप्रिल रोजी ४८,५०० रुपये भरलेले आहेत. माझी तक्रार मात्र या रकमेपुरती नाही. आपल्या कामामुळे एका भल्या कुटुंबासमोर मी खोटारडा ठरलो आहे.

जुळे सोलापुरातले हे घर माझ्या वडिलांनी १९९१ साली बांधले. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते. म्हणून इथल्या असंख्य घरांप्रमाणे आमच्याही घराला जमिनीखाली हौद आहे, आणि तो दिवाणखान्याच्या उत्तरेकडील भिंतीला लागून आहे. गेल्या तीन-चार वर्षांत हौदाच्या आतल्या गिलाव्याला तडे गेले आणि त्या भिंतीला जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत ओल धरू लागली. ही गोष्ट मी आपल्या माणसांपासून लपवली नाही. पहिल्याच भेटीत मी सुपरवायझरला भिंतीवर हात ठेवायला लावला. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहूनही कळवले की, आधी हौद रिकामा करून त्याला आतून वॉटरप्रूफिंग करावे, भिंतीचा खालचा गिलावा विटेपर्यंत काढावा, भिंत पुरती वाळू द्यावी, आणि मगच नवा गिलावा, प्रायमर, पुट्टी आणि रंग या क्रमाने काम करावे. त्यावर ‘होऊन जाईल सर, काळजी करू नका’ एवढे उत्तर आले. तो संदेश माझ्याकडे जपून ठेवलेला आहे.

मे महिन्यात मी आठ दिवस मुलीकडे पुण्याला गेलो असताना काम उरकण्यात आले. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. अशा उन्हात कोणतीही भिंत वरून कोरडीच दिसते, पण हौद भरलेला असेल तर तिच्या पोटातले पाणी कुठेही जात नाही. आपल्या कामगारांनी सुटलेले पोपडे खरवडले, दोन हात पुट्टी ओढली आणि वर फिकट बदामी रंग मारला. हौदाचे झाकणसुद्धा उघडले गेले नाही, हे मला शेजाऱ्यांकडून फार उशिरा कळले. मी परतलो तेव्हा भिंत गुळगुळीत होती, सुपरवायझर ‘सगळे नीट केले आहे’ असे सांगत होता, आणि आपल्या बिलावर ‘भिंतीची दुरुस्ती व रंगकाम’ असे स्पष्ट छापलेले होते. मी विश्वास ठेवला.

जाहिरातीबद्दल थोडक्यात लिहितो. आपल्या ॲपवर माझ्या घराखाली ‘चोवीस तास पाणी’ असे लिहिलेले होते. सोलापुरात घर पाहायला येणारा माणूस सर्वांत आधी पाणी किती दिवसांआड येते आणि हौद केवढा आहे हेच विचारतो. त्याला असले वाक्य वाचायला देणे म्हणजे घरमालक फसवायला बसला आहे असे पहिल्या ओळीतच जाहीर करणे होय. ही ओळ काढायला आपल्याला १९ दिवस लागले. भिंतींसकट मोजलेल्या बांधीव क्षेत्रफळाचा आकडा ‘चटई क्षेत्र’ म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा म्हणून छापला होता, तो अजूनही तसाच आहे. कागदपत्रांच्या अहवालात सर्व बाबींपुढे ‘योग्य’ अशी खूण होती, पण वडिलांच्या पश्चात मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) माझी व बहिणीची वारसनोंद झालेली नाही ही साधी गोष्ट आपल्या पडताळणीत दिसली नाही. ती खरेदीदाराच्या वकिलांनी दाखवून दिली आणि त्यानंतर नगर भूमापन कार्यालयात हेलपाटे मीच घातले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जुलैमध्ये पंढरपूरहून बदलून आलेल्या एका शिक्षकांनी घर पसंत केले, किंमत ठरली आणि त्यांनी ५१,००० रुपयांचा इसार चेकने दिला. वारसनोंदीत दीड-दोन महिने गेले. सप्टेंबरात चांगला पाऊस झाला आणि एका रविवारी ते आपल्या पत्नीला व वृद्ध आईला घर दाखवायला घेऊन आले. त्या माउली दमल्या होत्या म्हणून मी त्यांना उत्तरेकडील भिंतीजवळच्या खुर्चीवर बसवले. आम्ही स्वयंपाकघर पाहून परत आलो तेव्हा त्यांच्या खांद्यावर आणि पदरावर रंगाचे पोपडे गळून पडलेले होते. मागच्या भिंतीवर तळहाताएवढे फुगे आले होते आणि फरशीच्या कडेने पांढरा क्षार फुटला होता. शिक्षकांच्या पत्नीने भिंतीला बोट लावले, ते पुट्टीत रुतले. कोणी आवाज चढवला नाही. त्या गृहस्थांनी मला एवढेच विचारले, ‘तुम्हाला हे ठाऊक होतं का?’

मला ते ठाऊक होते आणि मी तसे सांगितले. दुरुस्ती झाली आहे असे समजून मी त्यांना आधी काही बोललो नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी त्यांच्यासमोर कबूल केली. परंतु ताज्या रंगाखाली ओली भिंत निघाल्यावर मालकाच्या शब्दाला काय किंमत उरते? पुढच्या आठवड्यात त्यांच्या बँकेच्या इंजिनिअरने मूल्यांकनाच्या अहवालात ओलीची नोंद केली, त्यांनी व्यवहार मोडला आणि मी इसाराची पूर्ण रक्कम परत केली. या विक्रीतला निम्मा वाटा माझ्या बहिणीचा होता. त्या पैशांवर तिने मुलाच्या शिक्षणाचा हिशेब मांडला होता. तिला फोन करून हे सांगताना मला काय वाटले ते या पत्रात मावणारे नाही.

यानंतर मी आपल्याकडे तक्रार नोंदवली. पहिल्या सहा वेळा मला ‘४८ तासांत वरिष्ठांचा फोन येईल’ असे सांगण्यात आले आणि एकदाही फोन आला नाही. आजचे बोलणे मात्र मी जसेच्या तसे लिहितो, कारण आपल्या कंपनीत कोणत्या भाषेत कोणता विचार शिकवला जातो हे आपल्याला कळले पाहिजे.

सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी फोन लागला. मी तक्रार क्रमांक सांगितला, मग पुन्हा सांगितला, मग सुरुवातीपासून सगळी हकिगत सांगितली, कारण आधीच्या सहा बोलण्यांची कसलीही नोंद त्यांच्यासमोर नव्हती. तरुण प्रतिनिधीने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘सर, आपल्या पॅकेजमध्ये दिसण्यातली सुधारणा येते, दुरुस्ती येत नाही.’ मी बिल हातात धरून त्यावरचा ‘दुरुस्ती’ हा शब्द त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘ते बिलाचं ठरलेलं वाक्य असतं सर, सगळ्यांना तेच येतं.’ मी विचारले की, जे केले नाही ते सगळ्यांच्या बिलावर छापता का? त्यावर त्याने मला चार मिनिटे थांबवून ठेवले. परत आल्यावर त्याचा सूर बदललेला होता. ‘सर’चा ‘काका’ झाला होता. तो म्हणाला, ‘काका, तुम्हाला घर विकायचंय ना? राहायचं थोडंच आहे? आणि गिऱ्हाइकाला पावसाळ्यात घर दाखवायचंच कशाला? दिवाळीनंतर आणायचं, तोवर भिंत वाळते.’

मी काही क्षण बोलू शकलो नाही. मग त्याला म्हणालो की, ज्या घरात माझ्या वडिलांनी शेवटचा श्वास घेतला ते घर मी दुसऱ्याच्या आईला राहायला देणार आहे, आणि तिने ओलीत झोपावे असे मला वाटत नाही. तो म्हणाला, ‘भावना समजू शकतो काका, पण विक्रीत असं चालत नाही.’ मी वरिष्ठांना फोन द्यायला सांगितले तेव्हा फोन बंद झाला. तीन मिनिटांनी मोबाईलवर संदेश आला की, माझ्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे आणि मी सेवेला पाचपैकी किती तारे देईन. निराकरण झालेले नाही. कसलेही निराकरण झालेले नाही.

‘विक्रीत असं चालत नाही’ हे वाक्य मला मान्य नाही, आणि ते कायद्यालाही मान्य नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे पण खरेदीदाराला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊनही खरेदीदाराच्या लक्षात येणार नाही, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे; तो न सांगणे हे त्याच कलमात कपट मानलेले आहे. जी ओल उघड्या भिंतीवर कोणालाही दिसली असती, ती आपण पुट्टीखाली घालून न दिसणारी केली. घर विकून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीला हे कलम ठाऊक नसेल असे मी मानत नाही. म्हणजे मला न विचारता, माझ्याच पैशाने, आपण मला कपटाच्या दारात नेऊन उभे केले. पुन्हा सांगतो : मी पहिल्याच दिवशी लेखी कळवले होते की आधी हौद दुरुस्त करा.

घर विक्रीसाठी तयार करणे याचा अर्थ मी असा समजत आलो की, गळती बंद करावी, गच्चीचा उतार आणि पन्हळी पाहाव्यात, मालमत्ता कराची पावती व वारसनोंद हाताशी ठेवावी आणि उरलेला दोष तोंडाने सांगून किमतीत तेवढी सूट द्यावी. हौदाच्या वॉटरप्रूफिंगला आणि गिलाव्याला इथल्या गवंड्याने मला आता ३४,००० रुपये सांगितले आहेत. एप्रिलमध्येच ‘हे काम आमच्याकडून होणार नाही’ असे आपण प्रामाणिकपणे सांगितले असते, तर मी ते त्याच गवंड्याकडून करून घेतले असते आणि आज त्या शिक्षकांच्या आई त्या घरात राहत असत्या. माझ्या ओळखीच्या दोन घरांना मी स्वतः आपली कंपनी सुचवली होती, याची आज मला लाज वाटते. त्या दोघांनाही मी आजच्या फोनची हकिगत सांगितली आहे.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. ४८,५०० रुपयांचे संपूर्ण शुल्क परत मिळावे. माझ्या घराची जाहिरात ॲपवरून तत्काळ काढावी. आणि मला यांतले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की, घरमालकाने ओलीची माहिती कामाआधी लेखी दिली होती व ती दुरुस्त न करता रंग देण्याचे काम कंपनीच्या माणसांनी केले, असे पत्र आपल्या सहीशिक्क्यासह त्या खरेदीदार कुटुंबाच्या नावे द्यावे. ते पत्र मी स्वतः त्यांच्या हातात नेऊन देईन. व्यवहार पुन्हा जुळावा ही माझी अपेक्षा नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही कारणांसाठी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणी दाद मागता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि एवढ्या रकमेच्या सेवेसाठी आयोगाचे शुल्कही पडत नाही. त्यामुळे आपल्या मुख्य कार्यालयापर्यंत खेपा घालण्याच्या भीतीने मी गप्प बसेन असे कृपया समजू नये. बिलाची प्रत, सुपरवायझरला पाठवलेला संदेश व त्याचे उत्तर, भिंतीची एप्रिलमधील आणि सप्टेंबरमधील छायाचित्रे, तसेच आजचा ‘निराकरण झाले’ हा संदेश या पत्रासोबत जोडला आहे.

मला फोन करू नये. उत्तर कागदावर पाठवावे.

आपला,
एक ग्राहक,
जुळे सोलापूर, सोलापूर