तुर्कस्तानच्या सहलीत एदिर्ने का नसावे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टीतल्या सहलींच्या जाहिराती पुन्हा झळकू लागल्या आहेत आणि मुंबई-पुण्याच्या बहुतेक यात्रा कंपन्यांच्या तुर्कस्तान सहलीत इस्तंबूल, कॅपाडोकिया, पामुक्कले आणि इफेसस ही ठरलेली स्थळेच दिसत आहेत. ती पाहू नयेत असे कोणी म्हणणार नाही. मात्र इस्तंबूलमधला शेवटचा दिवस ‘खरेदीसाठी मोकळा’ ठेवण्याऐवजी तेथून सुमारे 240 किलोमीटरवरच्या, ग्रीस आणि बल्गेरियाच्या सीमांना खेटून असलेल्या एदिर्ने शहरी एका रात्रीचा मुक्काम ठेवावा, असे तेथे जाऊन आल्यावर आग्रहाने सुचवावेसे वाटते.

रोमन सम्राट हेड्रियनचे नाव मिळालेले हे शहर चौदाव्या शतकात उस्मानी तुर्कांनी घेतले आणि 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) पडेपर्यंत त्यांची राजधानी येथे होती. त्या काळाच्या आणि नंतरच्या वैभवाच्या खुणा म्हणजे एकमेकींपासून काही मिनिटांच्या चालीवर असलेल्या तीन मशिदी. त्या बांधल्या गेल्या त्याच क्रमाने पाहाव्यात. 1414 मध्ये पुरी झालेली एस्की जामी आधी पाहावी. तिच्यावर नऊ घुमट आहेत आणि आतल्या भिंतींवर पुरुषभर उंचीची अरबी अक्षरे काळ्या रंगात रेखलेली आहेत. त्यानंतर 1447 ची उच शेरेफेली पाहावी. तिच्यात सुमारे 24 मीटर व्यासाचा एकच मोठा घुमट पेलण्याचे धाडस केलेले आहे, पण ते निभावताना दोन अवाढव्य खांब मध्ये आले आणि कडेच्या जागा जमवताना स्थपतीची झालेली ओढाताण आजही लपत नाही. तिचे चारही मिनार एकमेकांहून वेगळे असून, सर्वांत उंच मिनाराच्या तीन सज्जांना तीन स्वतंत्र जिने आहेत.

या दोन पाहून झाल्यावरच 1575 मध्ये पुऱ्या झालेल्या सेलिमियेत पाऊल ठेवावे. ऐंशीच्या घरात असलेल्या मिमार सिनान या उस्मानी दरबारच्या स्थपतीने सुमारे 31 मीटर व्यासाचा घुमट आठ खांबांवर अशा बेताने ठेवला आहे की खांब भिंतींच्या जवळ सरकतात आणि सगळी जागा एकसंध वाटते. सिनानने स्वतः हीच आपली सर्वश्रेष्ठ कृती मानल्याचे सांगितले जाते. त्याचीच इस्तंबूलमधली सुलेमानिये मशीद पाहून आलेल्या माणसालाही ते पटते. घुमटाच्या बरोबर खाली अजान देणाऱ्या मुअज्जिनांसाठी उंच चौथरा असून त्याच्या एका संगमरवरी खांबावर उलटे ट्यूलिपचे फूल कोरलेले आहे. हे फूल शोधायला आलेल्यांची तेथे कायम गर्दी असते आणि त्या नादात वर बघायचे अनेकांचे राहून जाते. युनेस्कोने 2011 मध्ये या वास्तूला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. अलीकडच्या वर्षांत येथे जीर्णोद्धाराचे मोठे काम हाती घेतलेले असल्यामुळे आत परांची बांधलेली आहे का, याची चौकशी करूनच निघावे.

सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांचे मुख्यतः हुकते ते तुंजा नदीपलीकडचे सुलतान बायेझीद दुसरा याचे 1488 चे रुग्णालय-संकुल. येथे मनोरुग्णांवर औषधांबरोबर संगीत, वाहत्या पाण्याचा आवाज आणि सुगंध यांनी उपचार केले जात. मधल्या षट्कोनी दालनात घुमटाखाली कारंजे आणि वादकांसाठी उंच जागा आहे. तेथे वाजवलेले सूर भोवतालच्या सर्व खोल्यांत सारखे पोहोचतात, आणि हा अनुभव तेथे टाळी वाजवूनही घेता येतो. सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी याने येथील दहा वादक-गायकांच्या पथकाचा उल्लेख केला आहे. आता या जागी त्राक्या विद्यापीठाचे आरोग्य संग्रहालय आहे. तेथे मांडलेले रुग्ण-वैद्यांचे पुतळे मात्र मला अनावश्यक वाटले, कारण ती वास्तू स्वतःच पुरेशी बोलकी आहे.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांसाठी आणखी एक कारण आहे. शहरालगतच्या सरायइची येथे दरवर्षी उन्हाळ्यात, साधारणतः जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी, कर्कपिनारच्या तेलकुस्त्या होतात. चामड्याची घट्ट चड्डी घातलेले पैलवान अंगाला ऑलिव्हचे तेल चोपडून गवतावर उतरतात, ढोल आणि सनईच्या जातीतले झुर्ना यांच्या तालावर सलामी देतात आणि तेलाने निसटणाऱ्या अंगावर पकड बसेना म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या चड्डीत हात घालतात. लाल मातीवर वाढलेल्या आपल्या माणसाला हे पाहताना आधी हसू येईल, मग ताकदीचा अंदाज येईल. युनेस्कोने 2010 मध्ये या कुस्त्यांचीही दखल घेतली आहे. त्या आठवड्यात हॉटेलच्या खोल्या मिळणे कठीण असते, म्हणून आरक्षण बरेच आधी करावे.

वाहनाची सोय असेल तर दक्षिणेला तासाभराच्या अंतरावरील उझुनकोप्रू येथील, पंधराव्या शतकातला 174 कमानींचा जवळपास 1400 मीटर लांबीचा दगडी पूल अवश्य पाहावा. शाकाहारी मंडळींनी खाण्याची धास्ती घेऊ नये. एदिर्नेची ख्याती तळलेल्या काळजासाठी असली तरी मसुराचे सूप, पांढरे चीज, भाजलेला पाव आणि बदामाची मिठाई सर्वत्र मिळते.

इस्तंबूलच्या एसेनलर बसस्थानकावरून सुटणाऱ्या आरामदायी बस सुमारे तीन तासांत एदिर्नेला पोहोचवतात. यात्रा कंपन्यांना संपूर्ण गट नेणे परवडत नसेल, तर निदान पर्यायी सहल म्हणून तरी त्यांनी आपल्या माहितीपत्रकात एदिर्नेचा समावेश करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली